माळ्यावरच्या कीबोर्डात कुठला स्विच?

प्रश्न: नमस्कार सर, शाहू मार्केट यार्डात आमची गुळाची अडत होती. वडिलांनी नव्वदच्या सुमारास हिशोबासाठी कॉम्प्युटर घेतलेला, त्याचा कीबोर्ड परवा माळा साफ करताना सापडला. चांगला जड आहे, वायरीला पाच पिनांचा मोठा गोल प्लग आणि कंपनीचं नाव कुठंच नाही. बटण दाबलं की टक्क वाजतं. भाचा म्हणतोय, टक्क वाजतंय म्हणजे चेरी कंपनीचा निळा स्विच, चेरी ब्लूच. एक बटण उपसून बघितलं तर आत पांढरी दांडी आणि तिच्यात आडवी फट. मग हा नक्की कुठला?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: बटण उपसून बघितलंत हे लई बेस केलंत, कारण उत्तर तिथंच आहे. स्विच म्हणजे प्रत्येक बटणाखालची दाबली जाणारी डबी, आणि तुमचा हा चेरीचा नाही. चेरीच्या एमएक्स जातीच्या स्विचच्या दांडीवर अधिकची खूण असते, बेरजेची असते ना तशीच. आडवी फट म्हणजे जपानच्या आल्प्स कंपनीचा स्विच, नाहीतर त्याची नक्कल. भाच्याचंही चुकलं म्हणता येत नाही, आपल्याकडं सीएंच्या ऑफिसात जो टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड खडखडायचा त्यात चेरी ब्लू असायचे, त्यामुळं टक्क म्हणजे ब्लू हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय.

पण आवाजावरून ठरवू नका आणि दांडीच्या नुसत्या रंगावरून तर अजिबातच नको. चेरीचा काळा सरळ खाली जातो, ना टक्क ना अडखळ, आणि आल्प्सचा काळा मात्र मध्ये बोटाला अडखळतो, म्हणजे रंग एकच पण स्वभाव पूर्ण वेगळा. टक्क वाजायची कारणंपण वेगवेगळी असतात. चेरी ब्लूची दांडी दोन तुकड्यांची असते, त्यातला एक तुकडा दाबताना झटक्यात खाली उडतो, आल्प्समध्ये धातूची पातळ पट्टी वाकून सुटते, आणि आयबीएमच्या १९८५ पासूनच्या मॉडेल एम कीबोर्डमध्ये तर स्प्रिंगच मध्ये मोडल्यासारखी वाकते. त्यात दांडीसकट बटण उपसलं की फट नाही न् अधिक नाही, उघडी स्प्रिंगच दिसते.

आता तुमचं. फट, पांढरा रंग आणि टक्क आवाज एवढं जुळतंय म्हटल्यावर पांढरा आल्प्स असायची शक्यता चांगली आहे, पण त्या काळात तैवानमधनं हुबेहूब नकला भरपूर यायच्या, त्यांच्यातपण पांढरी दांडी असायची. म्हणून टॉर्च मारून दांडीच्या भोवतीच्या काळ्या डबीवर बारीक अक्षरात आल्प्स लिहिलंय का बघा. असेल तर प्रश्न मिटला, नसेल तर बहुतेक नक्कलच समजा, तरी फेकू मात्र नका, काही नकला टाइप करायला खरंच छान असतात. अजून एक, फट दिसली म्हणजे मेकॅनिकलच असं नसतं, तसली दांडी रबरावर बसवलेले कीबोर्डपण असायचे. प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र डबी असेल आणि खालच्या बोर्डावर तिचे दोन पाय सोल्डर केलेले असतील तर मेकॅनिकल. पाठीमागचं लेबलपण बघा, एफसीसी आयडी (अमेरिकेतल्या सरकारी संस्थेचा नोंदणी क्रमांक) असेल तर त्याच्या पहिल्या तीन अक्षरांवरून नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते कळतं.

साफसफाईचं मात्र जपून. आल्प्सला धूळ अजिबात सोसत नाही, एकदा आत गेली की दाबताना खरखर लागते आणि ती सहजासहजी जात नाही. तुमच्याकडं तर गुळाच्या पेढीतली धूळ, म्हणून आधी बटणं तशीच ठेवून कीबोर्ड उलटा धरून झटका, वरनं ब्रश मारा, मगच एकेक बटण तारेच्या चिमट्यानं सरळ वर ओढा. स्पेसबार आणि एंटर ओढू नका, त्यांच्याखाली तार अडकवलेली असते, ती वाकली की बटण तिरकं बसतं. स्विचमध्ये तेल तर अजिबात सोडू नका.

लावून बघायचा असेल तर कीबोर्डच्या खालच्या बाजूला एक्सटी आणि एटी (जुन्या कॉम्प्युटरच्या दोन जाती) असं लिहिलेलं बारकं बटण आहे का बघा, ते एटीवर करा, मग मोठ्या प्लगला पीएस टू (लहान गोल पिनेचा) अडॅप्टर आणि त्याच्यापुढं यूएसबी कन्व्हर्टर. यूएसबीसाठी नुसती जोडणी बदलणारी स्वस्तातली पिन चालत नाही, आत चिप असलेलाच कन्व्हर्टर मागा. डबीचा जवळनं काढलेला फोटो पाठवलात तर नक्की कुठला ते सांगतो.