परदेशी एमबीएचा पहिला अर्ज: सुरुवातीला एवढंच

सप्टेंबरची अर्जांची पहिली फेरी गाठायची तर जीमॅट ही प्रवेश परीक्षा जुलैपर्यंत उरकून टाक. गुण 5 वर्षं चालतात. अर्जातल्या निबंधांना वाटतो त्याहून बराच जास्त वेळ लागतो.

नवखे हमखास चुकतात ते शिफारसपत्रात. बड्या साहेबाचं नाव काही कामाचं नाही. तुझं रोजचं काम पाहणारा थेट वरिष्ठ गाठ, 6 आठवडे आधी सांग, कामाचे 3-4 प्रसंग आठवून दे. पत्र मात्र त्यानंच लिहायचं. आपणच लिहून सही घ्यायची आपल्याकडची पद्धत तिथे अर्ज बाद करू शकते.

निबंधात पदांची जंत्री नको; तू घेतलेला एखादा निर्णय आणि त्याचा परिणाम लिही. जानेवारीची दुसरी फेरी चालेल, तिसरी टाळच: जागा थोड्या, व्हिसालाही वेळ कमी. शिष्यवृत्तीचं नंतर बोलू.