वाचक विचारतात : गेमचा कन्सोल स्टिरिओ अँपला

प्रश्न : प्लेस्टेशन-३ वर गाण्याच्या सीडी लावायच्या आहेत. घरच्या जुन्या स्टिरिओ अँपच्या (अ‍ॅम्प्लिफायरच्या) ‘फोनो’ सॉकेटमध्ये लाल-पांढऱ्या पिना घातल्या, तर आवाज फाटतो आणि बेस घुमतो. शिवाय टीव्हीला एचडीएमआय लावली की अँप गप्प होतो. (एक वाचक, सांगली)

उत्तर : ‘फोनो’तून पिना आधी काढा. ते सॉकेट रेकॉर्ड प्लेअरसाठी असतं. रेकॉर्डच्या सुईकडून जेमतेम काही मिलिव्होल्टचा सिग्नल येतो, म्हणून अँप तिथे तो शंभरेक पट वाढवतो. रेकॉर्ड कापताना बेस मुद्दाम कमी केलेला असतो, तोही तिथेच भरून काढतो. कन्सोलचा सिग्नल मुळातच व्होल्टच्या घरातला. त्यावर हे सगळं झालं की आवाज फाटणारच. ‘ऑक्स’, ‘सीडी’, ‘ट्यूनर’ किंवा ‘टेप इन’ यांपैकी कुठलंही रिकामं सॉकेट वापरा, आवाजात फरक पडत नाही. फक्त ‘टेप आउट’ किंवा ‘रेक आउट’मध्ये घालू नका; तिथून सिग्नल बाहेर जातो, आत येत नाही. पांढरी पीन डावीकडची, लाल उजवीकडची, पिवळी चित्राची म्हणून ती मोकळी ठेवा. पिना बदलताना अँप बंद हवा.

अँप गप्प होतो, कारण हा कन्सोल एरवी आवाज एकाच वाटेने पाठवतो. ‘साउंड सेटिंग्ज’मध्ये ‘ऑडिओ मल्टि-आउटपुट’ चालू करा, म्हणजे एचडीएमआय आणि एव्ही केबल (लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची) दोन्हींतून आवाज येईल. हा पर्याय दिसत नसेल तर कन्सोलचं सॉफ्टवेअर अपडेट करून घ्या. मग ‘म्युझिक सेटिंग्ज’मध्ये आउटपुट फ्रीक्वेन्सीच्या दोन पर्यायांपैकी ४४.१ पासून सुरू होणारा निवडा. सीडीचं ध्वनिमुद्रण ४४.१ किलोहर्ट्झचं असतं, ते उगाच ४८च्या पटीत बदलायला नको.

एव्ही केबल हरवली असेल तर प्लेस्टेशन-२ ची चालते, दोन्हींचं टोक एकच. कन्सोल मात्र बंद कपाटात ठेवू नका. गरम झाला की पंखा जोरात फिरतो आणि हळू आवाजातल्या आलापावर त्याची घरघर स्पष्ट ऐकू येते.

प्रश्न : कन्सोल अँपला जोडल्यापासून स्पीकरमधून सतत ‘हूं’ असा आवाज येतो. गाणं बंद असलं तरी येतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अँप चालू ठेवून सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची जाड वायर काढा. गुणगुण थांबली तर कारण सापडलं. त्या वायरची जाळी बाहेर कुठेतरी अर्थ झालेली असते, तुमचा अँप घरच्या अर्थला असतो. या दोन अर्थमधला फरक सेट-टॉप बॉक्स, टीव्ही, एचडीएमआय आणि कन्सोल अशा वाटेने अँपमध्ये शिरतो आणि ५० हर्ट्झची गुणगुण होऊन ऐकू येतो. केबलच्या वायरवर ग्राउंड लूप आयसोलेटर (दोन अर्थमधली ही वाट तोडणारा छोटा जोड) बसवा. वायर काढूनही आवाज राहिला, तर टीव्ही, कन्सोल आणि अँप एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तेवढ्यानेही भागलं नाही तर लाल-पांढऱ्या वायरमध्ये ट्रान्सफॉर्मरवाला ऑडिओ आयसोलेटर लावा.

अँपच्या प्लगची अर्थची जाड पीन काढण्याचा सल्ला कुणी देईल. कृपया तसं करू नका. गुणगुण जाईल, पण आत काही बिघडलं तर अँपच्या धातूच्या पेटीत करंट उतरेल.

प्रश्न : प्लेस्टेशन-४ स्लिमला लाल-पांढरी सॉकेटं नाहीत आणि ऑप्टिकलही नाही. अँपला कसा जोडायचा? (एक वाचक, पणजी)

उत्तर : ‘एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर’ घ्या, म्हणजे एचडीएमआयमधला आवाज वेगळा काढून देणारी छोटी डबी. कन्सोलची वायर त्यात, त्यातून एक टीव्हीला आणि लाल-पांढरी अँपच्या ‘ऑक्स’ला. एक्स्ट्रॅक्टरवर छोटा स्विच असेल तर तो दोन चॅनेलवर ठेवा. कन्सोलच्या ‘ऑडिओ आउटपुट सेटिंग्ज’मध्ये ऑडिओ फॉरमॅट ‘लिनिअर पीसीएम’ हवाच. ‘बिटस्ट्रीम’ राहिला तर साध्या एक्स्ट्रॅक्टरला तो उलगडता येत नाही आणि अँपमधून काहीच ऐकू येत नाही.

टीव्हीला हेडफोनचं सॉकेट असेल, तर आधी तिथूनच ३.५ मिमी ते लाल-पांढरी अशी वायर अँपला लावून ऐका. आवाज पसंत पडला तर एक्स्ट्रॅक्टर घ्यायचं कारण नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा, हा कन्सोल गाण्याच्या सीडी वाजवत नाही. गाणी पेनड्राइव्हवर ‘म्युझिक’ नावाच्या फोल्डरमध्ये घाला. एमपी-३ चालतं, फ्लॅकही चालतं.