क्रूझवरून फ्रेंच पॉलिनेशियातलं हुआहिने बेट बघायला एक दिवस पुरतो का? तिथल्याच बोरा बोरा बेटापेक्षा खरंच शांत आहे का?

शांत म्हणजे किती ते सांगते, बोरा बोराला आमच्या शेजारी अजून एक भलंमोठं जहाज उभं होतं आणि हुआहिनेला मारोएच्या खाडीत आम्ही एकटेच. आम्ही ऑकलंडला राहतो, मी, नवरा आणि सासूबाई, पपीतेहून, म्हणजे ताहिती बेटावरच्या तिथल्या राजधानीहून, सात रात्रींची क्रूझ घेतली होती (मंगळवारी सकाळी ऑकलंडहून निघून सोमवारी दुपारी पोचलो, मधे डेट लाइन आहे ना, ती ओलांडली की तारीख एक दिवस मागे जाते, सासूबाईंना सोमवारचा उपास दोनदा घडला).

दिवस पुरतो, पण गाडी आधी ठरवून ठेवा. जहाज धक्क्याला लागत नाही, खाडीत नांगर टाकून छोट्या बोटीने सोडतात आणि उतरलात तिथे चार स्टॉल सोडले तर काही नाही, फारे हे मुख्य गाव पार दुसऱ्या बाजूला. आमच्यातले कितीतरी जण कंटाळून तासाभरात परत जहाजावर गेले! आम्ही तिथल्याच एका काकूंची व्हॅन घेतली.

आधी फाइए नावाचं गाव, तिथल्या ओढ्यात मीटरभर लांबीच्या निळ्या डोळ्यांच्या वाम आहेत, गावात त्यांना पवित्र मानतात, कोणी मारत नाही, उलट डब्यातले मासे भरवतात. माझा नवरा एरवी वाम म्हटलं की तिखलं डोळ्यासमोर आणणारा, तिथे गप्प उभा होता.

मग माएवा गाव, आणि वेळ इथेच द्या. तळ्याकाठी ओळीने दगडी मराए, म्हणजे जुनी देवस्थानं, मूर्ती वगैरे नाही, नुसते उभे दगड आणि चौथरे. योसिहिको सिनोटो नावाच्या संशोधकाने यातली बरीच पुन्हा उभी केली. आणि बाजूच्या पाण्यात मासे धरायला दगडांच्या व्ही आकाराच्या भिंती घातल्यात, पाण्याच्या ओढीबरोबर मासा आत शिरतो आणि मग अडकतो, शेकडो वर्षांची युक्ती आणि अजून वापरात. आम्ही तिथे दीड तास होतो, तेवढ्यात दुसरं कोणी आलं नाही.

जेवायला लिंबू आणि नारळाच्या दुधातला कच्चा ट्युना मिळतो, मस्त लागतो. शाकाहारी असाल तर 'उरू' मागा. सासूबाई ताट बघून म्हणाल्या, अगं हा तर नीरफणस, आपल्या रत्नागिरीच्या परसातला! काप केले होते, फक्त तिखट नव्हतं, ते त्यांनी पर्समधून काढलं.

बाकी, घासाघीस करू नका, तिथे ते वाईट दिसतं (आमच्याकडून झालं, काकूंनी नुसतं हसून मान हलवली). तिथलं चलन पॅसिफिक फ्रँक, ते रोख ठेवा, आणि फ्रेंच पॉलिनेशिया शेंगेनमध्ये (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या एकाच व्हिसात) येत नाही, तेव्हा व्हिसाचं वेगळं बघा. बुकिंग करताना जहाजाचा तिथला दिवस रविवार नाही ना तेही तपासा, चर्च सुटलं की सगळं गाव बंद.