बागेश्रीत पंचम जपून

लष्कर, ग्वाल्हेर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या चाली ऐकल्या. राग शुद्ध आहे, गळाही तयार आहे. पण मुखड्यातच, म्हणजे गाण्याच्या सुरुवातीच्या ओळींतच, अख्खा राग ओतून मोकळा होतोस, मग अंतऱ्याला, म्हणजे पुढच्या कडव्यांना, काही उरत नाही. ख्याल शिकलेल्यांचं हे हटकून होतं, आपल्या ग्वाल्हेरात तर जरा जास्तच. यावर उतारा म्हणजे दोन महिने फक्त हिंदी चित्रपटांचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले अण्णा, ऐकायचे. अण्णा काही परके नव्हेत. १९१८ साली पुणतांब्यात जन्मले आणि विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकले. बुवा विष्णु दिगंबरांचे शिष्य, म्हणजे तालीम फिरून आपल्याच ग्वाल्हेर गायकीची.

सुरुवात 'अनारकली'पासून (१९५३) कर. 'ये ज़िंदगी उसी की है' भीमपलासीत आहे आणि 'जाग दर्द-ए-इश्क जाग' बागेश्रीत. दोन्ही राग काफी थाटाचे, म्हणजे एकाच स्वरकुळातले, दोन्हींत गंधार-निषाद कोमल, वादी म्हणजे मुख्य स्वरही मध्यमच. म्हणूनच नवशिक्याची गल्लत इथे होते. पेटी घे आणि दोन्ही मुखड्यांचे स्वर हाताने वहीत लिही, मोबाइलवरून उतरवून घेऊ नकोस. चाल जिथे विसावते त्या स्वराखाली रेघ मार. भीमपलासीत आरोहात रिषभ-धैवत गाळायचे, पंचमावर मात्र खुशाल थांबायचं. बागेश्रीत पंचम अवरोहात नुसता स्पर्शापुरता. तिथे पाय रोवलास की भीमपलासी डोकावलाच. 'म ध नि ध' ही जागा धरून ठेव, म्हणजे वाट चुकणार नाही. अण्णांनी एखादी सूट घेतलेली दिसली, तर लगेच चूक काढू नकोस. ती कोणत्या शब्दावर घेतली ते आधी बघ.

'ये ज़िंदगी' त्याच चित्रपटात दोनदा येतं, एकदा आनंदात आणि एकदा शेवटी मरणाच्या दारात. चाल तीच. लय, वाद्यं, शब्दांमधलं थांबणं यांपैकी काय काय बदललं याची यादी कर. माझ्या मते चाल बांधण्याचं अर्धं शिक्षण या एका तुलनेत आहे.

मग घड्याळ लाव. तेव्हा ७८ स्पीडच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन ते साडेतीन मिनिटं मावत. त्यात सुरुवातीचं म्युझिक, मुखडा, मधले पीस (ओळींमधले वाद्यांचे तुकडे), अंतरे, सगळं बसवायचं. मुखडा कितव्या सेकंदाला लागतो, पीस किती लांब आहे, हे लिहून काढ. तुझा सव्वा मिनिटाचा आलाप तिथे कुठे बसेल, ते तूच सांग. मुखडा मध्य सप्तकात ठेव आणि तार षड्ज, म्हणजे वरचा सा, अंतऱ्यासाठी राखून ठेव.

वाद्यांसाठी 'अलबेला' (१९५१). 'शोला जो भड़के'मध्ये बोंगो आणि ब्रास, 'धीरे से आजा री अँखियन में' ही पिलूतली अंगाई. चित्रपट एकच, माणूसही एकच. गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांचे सहायक होते. अण्णांच्याच 'ईना मीना डीका'ला थिल्लर म्हणून नाक मुरडणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना 'नवरंग'मधलं (१९५९) मालकंसातलं 'आधा है चंद्रमा' ऐकव.

तू आधी कीबोर्डवर स्ट्रिंग्ज आणि लूप लावतोस, मग त्यावर चाल शोधतोस. तिथेच फसतं: भरलेल्या आवाजाखाली चालीचा किरकोळपणा झाकला जातो आणि तो कळतो थेट गायकाला शिकवताना. चाल आधी नुसत्या पेटीवर उभी राहू दे.

'आझाद'ची (१९५५) गाणी अण्णांनी महिनाभरात दिली. तुला एवढी घाई नाही. पुढच्या पत्रासोबत बागेश्रीतला एक मुखडा आणि अंतऱ्याच्या दोन ओळी पाठव. पेटी आणि सहा मात्रांचा दादरा ताल, बाकी काही नको. तबलजी मिळाला नाही तर टाळीवर म्हण.

तुझा हितचिंतक