वाचक विचारतात: हाडांच्या गोळीनं कॅन्सर होतो का, आणि केस करता येते का?

ताई नमस्कार, मी एडिसन, न्यू जर्सीला असते आणि आई (वय ७१) आमच्याकडेच असते. हाडं ठिसूळ झाली म्हणून सात वर्षं ती अ‍ॅलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी घेते, दर रविवारी सकाळी चहाबरोबर, आणि मग परत तासभर पडते. मागच्या आठवड्यात टीव्हीवर वकिलांची जाहिरात लागली, या गोळ्यांनी कॅन्सर झाला असेल तर भरपाई मिळेल, फोन करा. तेव्हापासून आई गोळीला हात लावत नाही आणि मला झोप नाही. तिला कॅन्सर नाहीये, पण अ‍ॅसिडिटी जुनी आहे. खरंच धोका आहे का? आत्ताच वकील गाठून ठेवू का? बाकी ती बरी आहे, दोन महिने उजवी मांडी दुखते तेवढं, वयानं असेल.
— एक वाचक, एडिसन

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. कॅन्सरचं सांगतेच, पण आधी ती मांडी. ही गोळी बरीच वर्षं घेणाऱ्या थोड्या लोकांना मांडीचं हाड खुब्याच्या खाली आडवं तडकतं, खडू मोडावा तसं, न पडता, साधं चालता चालता. आणि त्याच्या आधी कित्येक आठवडे, कधी महिने, मांडीत नाहीतर जांघेत ठणका असतो जो सगळे वयावर ढकलतात. अमेरिकेच्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, एफडीएनं, ऑक्टोबर २०१० मध्ये हा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात छापायला लावला. हे क्वचित होतं, पण तुमच्या आईंची सात वर्षं झालीत, त्यामुळे उद्याच डॉक्टरांना फोन करा आणि सांगा की सात वर्षं अ‍ॅलेंड्रोनेट चालू आहे, मांडी दुखतेय, दोन्ही मांड्यांचा पूर्ण एक्स-रे हवा. दोन्ही अशासाठी की हे दुसऱ्या पायालाही होऊ शकतं. एक्स-रेत काही दिसलं नाही आणि दुखणं राहिलं तर एमआरआयचं विचारा. तोवर हातात काठी, जिने कमी, जड उचलायचं नाही. रविवारची गोळी घ्यायची का हेही त्याच फोनवर विचारून घ्या, हे औषध हाडात वर्षानुवर्षं टिकतं त्यामुळे एखादा आठवडा चुकला तर काही बिघडत नाही. पाच वर्षांनंतर गोळीला सुट्टी द्यायची का हा प्रश्न तसाही डॉक्टर विचारात घेतातच.

आता कॅन्सर. चर्चा आहे ती अन्ननलिकेच्या कॅन्सरची. २००९ च्या सुरुवातीला एफडीएच्या एका संशोधिकेनं वैद्यकीय मासिकात पत्र लिहून कळवलं की १९९५ मध्ये हे औषध आल्यापासून अमेरिकेत ते घेणाऱ्यांमध्ये असे २३ रुग्ण नोंदले गेलेत. मग २०१० मध्ये ब्रिटनमधल्या एकाच डेटाबेसवर दोन अभ्यास आले, एक म्हणाला धोका वाढत नाही, दुसरा म्हणाला पाच वर्षं घेतलं तर साठी-सत्तरीतल्या हजार माणसांत एकाच्या जागी दोघांना होतो. म्हणजे ठाम पुरावा नाही, आणि दुसरा अभ्यास खरा धरला तरी हजारात एक जादा. याउलट खुबा मोडला की म्हातारं माणूस अंथरुणाला खिळतं, हे आपण सगळ्यांनी घरात नाहीतर शेजारी बघितलेलं आहे.

पण चहा आणि परत पडणं, हे मात्र थांबवायलाच हवं! गोळी घशाखाली अडकली की नळीचं अस्तर भाजतं, आडवं झालं की ती तिथंच बसते, आणि वर जुनी अ‍ॅसिडिटी. साध्या पाण्याबरोबर घेतली तरी ती अंगी लागते एक टक्क्याहून कमी, चहाबरोबर तर त्याहूनही कमी, म्हणजे सात वर्षं त्रास पुरा आणि फायदा अर्धवट. डॉक्टरांनी गोळी चालू ठेवली तर उपाशीपोटी, मोठा ग्लास साधं पाणी, आणि पुढचा निदान अर्धा तास बसून किंवा उभं, मग चहा. अ‍ॅसिडिटीचं डॉक्टरांना वेगळं सांगा. गिळताना अडकलं, दुखलं तर गोळी बंद करून लगेच दाखवा.

वकिलाचं म्हणाल तर कॅन्सर झालेलाच नाही तेव्हा कसली केस? भीतीची भरपाई मिळत नाही. फोनवर कशालाही हो म्हणू नका, सही करू नका. या औषधावर कोर्टात जे मोठं गाजलं ते कॅन्सरचं नाही, जबड्याचं हाड कुजण्याचं आणि मांडीचं हाड मोडण्याचं. जबड्याच्या सुमारे १,२०० केसेस मिटवायला हे औषध मूळ बाजारात आणणाऱ्या मर्क कंपनीनं २०१३ च्या शेवटी २ कोटी ७७ लाख डॉलर कबूल केले. मांडीच्या पाचशेवर केसेस २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि २०२४ मध्ये फिलाडेल्फियाच्या अपील कोर्टानं आधी फेटाळलेल्या त्या केसेस पुन्हा उभ्या केल्या.

एक्स-रेत खरंच काही निघालं तर मात्र तारखा मोजा. न्यू जर्सीत दुखापत कळल्यापासून साधारण दोन वर्षांत दावा लावावा लागतो. फी बहुतेक वेळा जिंकल्यावरच, मिळालेल्या पैशाच्या एक तृतीयांशपर्यंत. आणि गोळीच्या बाटलीवर कंपनीचं नाव बघा, कारण २०११ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे जेनेरिक (म्हणजे तेच औषध दुसऱ्या कंपनीनं स्वस्तात काढलेलं) बनवणाऱ्यावर 'इशारा दिला नाही' असा दावा सहसा टिकत नाही, आणि २००८ पासून बहुतेकांना जेनेरिकच मिळतं. फार्मसीतून सात वर्षांची प्रिंट मागून घ्या, ती सगळ्यात आधी लागेल.

ताई, सासूबाईंचा मणका दबलाय, डॉक्टरांनी हाडं बळकट करायला टेरिपॅराटाइडचं रोजचं इंजेक्शन दिलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं की यानं हाडांचा कॅन्सर होतो. बंद करू?
— एक सून, नाशिक

स्वतःहून बंद करू नका. ते उंदरांमध्ये दिसलं होतं, मोठे डोस आणि जवळजवळ आयुष्यभर दिल्यावर. म्हणून अमेरिकेत २००२ पासून माहितीपत्रकात चौकटीतला ठळक इशारा होता, पण माणसांत वर्षानुवर्षं नजर ठेवूनही तसं आढळलं नाही म्हणून एफडीएनं २०२० मध्ये तो काढला. पूर्वी हाडांना रेडिएशन दिलेलं असेल किंवा कॅन्सर हाडात गेलेला असेल तर मात्र हे देत नाहीत, तसं काही असेल तर डॉक्टरांना आजच सांगा.

आपल्याकडे औषधाचा दुष्परिणाम कळवायला भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा फुकट नंबर आहे, कळवायला वकील लागत नाही. नुकसान झालंच तर २०१९ च्या ग्राहक कायद्यात उत्पादकावर दावा करता येतो, जिल्हा ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत. म्हणून बिलं ठेवा, आणि इंजेक्शनचं रिकामं खोकं फेकू नका, बॅच नंबर त्यावर असतो.