आवर्तात, म्हणजे आवर्तसारणीच्या आडव्या ओळीत, डावीकडून उजवीकडे इलेक्ट्रॉन वाढत जातात, तरी अणू लहान का होतो? शेतकऱ्याच्या मुलाला हे पाठ करून काय उपयोग?

मी सांगलीत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. तुमच्या प्रश्नाचे दोन्ही भाग वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि दुसरा भाग विचारणारं पोर बहुतेक वाळवा-पलूसकडचं असतं.

आधी पहिला. इलेक्ट्रॉन मोजण्याआधी कवचं, म्हणजे केंद्रकाभोवतीचे इलेक्ट्रॉनांचे थर, मोजा. लिथियमपासून कार्बनपर्यंत येणारा प्रत्येक नवा इलेक्ट्रॉन दुसऱ्याच कवचात बसतो, तिसरं कवच उघडतच नाही. केंद्रकात मात्र प्रोटॉन 3 चे 6 होतात. एकाच कवचातले इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या ओढीपासून एकमेकांना फारसे झाकत नाहीत, म्हणून सगळं कवच आत खेचलं जातं. त्रिज्या पाहा: लिथियम 152 पिकोमीटर, बेरिलियम 111, बोरॉन 88, कार्बन 77. पुढच्या आवर्तात सोडियमला तिसरं कवच मिळालं की आकडा एकदम 186 वर जातो. (काही तक्त्यांत निऑन फ्लोरिनपेक्षा मोठा दिसेल. निऑन कुणाशी बंध करत नाही, त्यामुळे त्याची त्रिज्या वेगळ्या रीतीने मोजतात. तो अपवाद धरू नका.)

तरीही पटत नसेल तर पोटॅशियम आणि कॅल्शियमचे आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावून धनप्रभारित झालेले अणू, शेजारी ठेवा. दोघांतही इलेक्ट्रॉन 18 च. फरक फक्त एका प्रोटॉनचा, 19 आणि 20. पोटॅशियम आयनाची त्रिज्या साधारण 138 पिकोमीटर, कॅल्शियमची 100. माझ्या मते हे एक उदाहरण नीट समजलं तर बाकीचे कल पाठ करावे लागत नाहीत.

आता उपयोग. सोडियम आयनाची त्रिज्या 102, म्हणजे जवळपास कॅल्शियमएवढीच. आवर्तसारणीत सोडियमपासून एक घर खाली पोटॅशियमवर गेल्याने आकार वाढतो, तिथून एक घर उजवीकडे कॅल्शियमवर सरकल्याने कमी होतो, आणि हिशेब जुळतो. पण कॅल्शियमवर धनप्रभार दुप्पट. तेवढ्याच आकारात दुप्पट प्रभार असल्यामुळे चिकणमातीचे ऋणप्रभारित कण त्याला जास्त घट्ट धरतात.

आपल्या कृष्णाकाठच्या चोपण जमिनीत नेमकं उलटं झालेलं असतं, कणांवर सोडियम बसलेला असतो. त्याची पकड ढिली, भोवती पाण्याचं वेष्टण. कण एकमेकांना धरून राहत नाहीत, सुटे होऊन मातीची छिद्रं बुजवतात. म्हणून असं रान ओलं असताना पायाला लगदा चिकटतो, वाळलं की ढेकूळ कुदळीलाही दाद देत नाही. त्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, टाकलं की कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सोडियम सल्फेट पाण्यात विरघळून निघतं. अर्थात त्याला बाहेर जायला वाट हवी. चर किंवा सच्छिद्र पाइप नसतील तर सुटलेला सोडियम रानातच राहतो आणि जिप्समचे पैसे पाण्यात जातात.

मात्र नुसती खारवट जमीन असेल, म्हणजे मातीत क्षार साचलेत पण कणांवर सोडियम फारसा बसलेला नाही, तर जिप्समची गरजच नसते, निचरा आणि भरपूर गोडं पाणी पुरतं. कुठली आहे ते माती परीक्षणाच्या अहवालात कळेल: सामू (pH) 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम (कणांवर बसलेल्या धन आयनांतला सोडियमचा वाटा) 15 टक्क्यांच्या वर असेल तर ती चोपण.