खालचा ओठ बधिर का होतो? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : खालच्या दाढेचं रूट कॅनल करताना सुई पार मागे, घशाजवळ टोचली आणि जड झाला तो ओठ! वरच्या दाताला तर जिथल्या तिथे इंजेक्शन दिलं होतं.

उत्तर : वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र असतं, औषध झिरपत मुळापर्यंत जातं. खालच्या दाढांभोवतीचं हाड जाड आणि घट्ट. म्हणून नस हाडात शिरण्याआधीच तिला गाठावं लागतं. ती जबड्याच्या उभ्या भागात आतल्या बाजूने शिरते आणि धमनी-शिरेला सोबत घेऊन दाढांच्या मुळांखालच्या बोगद्यातून पुढे येते. उपदाढांखाली हाडाला एक भोक असतं. तिथून तिचा फाटा बाहेर पडून ओठाला आणि हनुवटीला जातो. ओठ जड झाला की आम्हाला कळतं, सुई बरोबर बसली. गालाकडच्या हिरडीची नस मात्र वेगळी, त्यामुळे दाढ काढताना आणखी एकदा टोचावं लागतं. ('पहिली चुकली का डॉक्टर?' हे ठरलेलं वाक्य.)

प्रश्न : अक्कलदाढ काढून तीन आठवडे झाले. ओठ ठीक आहे, पण जिभेच्या उजव्या कडेला मुंग्या येतात, चवही लागत नाही.

उत्तर : जिभेची नस त्या बोगद्यात नसतेच. ती अक्कलदाढेच्या आतल्या बाजूला, हिरडीखाली हाडाला अगदी खेटून जाते. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव नेणारे तंतू चेहऱ्याच्या नसेतून येऊन हिच्यातच मिसळतात, म्हणून स्पर्श आणि चव दोन्ही गेलं. बहुतेकांना काही आठवड्यांत-महिन्यांत फरक पडतो. तरीही आत्ताच डॉक्टरांकडे जा. कापूस आणि टोकदार वस्तू लावून बधिर भाग आखून घ्या, म्हणजे पुढच्या खेपेला तुलना करता येईल. तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर जबड्याच्या सर्जनना दाखवा. नस जोडायची वेळ आलीच तर उशीर महागात पडतो. तोवर चहा निववून प्या.

प्रश्न : ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या सपाट एक्स-रेत) हाड भरपूर दिसतंय, तरी खालच्या जबड्यात इम्प्लांट (हाडात बसवायचं कृत्रिम मूळ) बसवण्याआधी सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) कशाला?

उत्तर : ओपीजीत सगळं जरा मोठं दिसतं आणि हाडाची रुंदी कळत नाही. नसेच्या बोगद्याच्या वर निदान २ मिमी जागा सोडायची असते. खर्च टाळू नका.

प्रश्न : जबड्याच्या खालच्या कडेवर ठोके लागतात. गाठ असेल का?

उत्तर : दात आवळा. गालात टणक स्नायू फुगेल, त्याच्या लगेच पुढे ठोका लागतो ना? ती चेहऱ्याची धमनी, हाडाच्या कडेवरून वर चढते. दुसऱ्या बाजूलाही सापडेल.